न आलेलं रक्त

भाकरीचा काठ तोडताना नेत्राचा खालचा पुढचा दात आत कलला. कलला, आणि तुकडा तुटल्यावर परत जागेवर आला. दुखलं काहीच नाही, म्हणून आधी तिला वाटलं की भाकरीच मऊ झाली असावी. मग तिने घास गालात धरला आणि जिभेचं टोक त्या दातामागे नेऊन हळूच रेटलं. दात हलला. कॅन्टीनमध्ये पंखे घरघरत होते, समोर बसलेली लॅबमधली तेजस्वी आपल्या नणंदेच्या साखरपुड्यात कोण कुणावर रुसलं ते सांगत होती, आणि नेत्रा मान डोलावत पुन्हा पुन्हा जिभेने तोच दात पुढे-मागे करून बघत होती. घास तिने न चावताच पाण्याबरोबर गिळला आणि डबा बंद केला. तेजस्वीने विचारलं तेव्हा भूक नाही म्हणाली, आणि म्हणताना आपण ओठ नेहमीपेक्षा कमी उघडले हे तिच्या लक्षात आलं. अंबरनाथजवळ आनंदनगरच्या एका औषध कंपनीत ती क्वालिटी कंट्रोलला केमिस्ट होती. वय पस्तिशीच्या आत. बदलापूरला सातव्या मजल्यावर फ्लॅट, नवरा, पहिलीत जाणारी मुलगी सई. दात हलावा असं तिच्या आयुष्यात कुठे काही नव्हतं.

जेवणानंतर ती बाथरूममध्ये गेली आणि आरशासमोर खालचा ओठ बोटाने ओढून धरला. हिरडी फिकी होती, गुळगुळीत, जरा करडी. दात मात्र लांब दिसत होते, कुणीतरी खालून वर ढकलल्यासारखे, आणि त्यांच्या मुळाशी काळपट त्रिकोणी फटी. तिने टिश्यू पेपर दुमडून हिरडीवर दाबला, पुन्हा दाबला. कागद पांढराच्या पांढरा. ब्रश करतानाही कधी रक्ताचा थेंब आला नव्हता; तेजस्वीला यायचं, ती सारखी पेस्ट बदलायची, आणि नेत्राला मनातून आपल्या तोंडाचा अभिमान वाटायचा. आता तो कोरा कागद तिने उलटून पाहिला. रक्त आलं असतं तर काहीतरी कळलं असतं. ओठ तसाच ओढून धरलेला असताना तिला एकदम वाटलं, हे बोट आपलं नाही. नख कडेने काळं आहे. हे बोट डावीकडून उजवीकडे फिरणार आहे. तिने हात झटकन खाली घेतला आणि साबण लावून धुतला.

माहेरी, चामटोलीच्या घराला मागे एक दगडी पायरी होती. आय, तेव्हा ती आईला आय म्हणायची, सकाळच्या भाकऱ्या उरकल्या की त्याच तव्यावर तंबाखू भाजायची. घरभर उग्र धूर व्हायचा, डोळे चुरचुरायचे. करपलेली पानं हाताने चुरून तिची मशेरी डबीत भरली जायची, आणि मग दिवसभर जमेल तेव्हा आय त्या पायरीवर जाऊन बसायची. तर्जनीचं टोक डबीत, मग तोंडात; वरच्या हिरडीवरून सावकाश फिरून खालच्या हिरडीवर. डोळे अर्धे मिटलेले, हनुवटी जरा वर. नेत्रा समोर उभी राहून हाका मारायची, पदर ओढायची. आय तिच्याकडेच बघायची, पण तिच्यातून आरपार पलीकडच्या कारल्याच्या वेलाकडे बघितल्यासारखी. तेव्हा ती आय नसायची, राजाबाई या नावाची कुणी दुसरीच बाई असायची, तिला मुलं नव्हती, घर नव्हतं. मग बोट बाहेर यायचं, ती पचकन थुंकायची आणि पुन्हा आय व्हायची, "काय गं, का वरडतंस?" नेत्राच्या पायाला विंचू चावला तेव्हाही आय पायरीवरच होती. ती लंगडत, किंचाळत आली तेव्हा आयने तिच्याकडे पाहिलं. पाहिलं, आणि बोट तोंडात फिरतच राहिलं. किती वेळ, ते नेत्राला कधीच सांगता आलं नाही. कदाचित दोन श्वास असतील. मग आय उठली, ओरडली, तिला पाठुंगळीला घेऊन रस्त्यापर्यंत धावली, ते सगळं झालं. पण नेत्राच्या आठवणीत पळणारी आय पुसट होती. ते फिरणारं बोट मात्र स्वच्छ होतं.

आयचे दात चाळिशीच्या आतच गेले. आधी लांब झाले, मग फाकले, मग एकेक करून गळले. भाताची लावणी चालू असताना तिने स्वतःच्या बोटांनी एक दात उपटला, बांधावर टाकला आणि वाकून पुढचं रोप चिखलात रोवलं. शेजारी उभ्या असलेल्या नेत्राने तो दात बघितला होता, मुळाशी तपकिरी, आणि त्या दिवशी तिने ठरवलं की आपल्या तोंडाला कधी तंबाखू लागणार नाही. तिने ते पाळलंही. उल्हासनगरच्या कॉलेजात केमिस्ट्री घेतली, बोली पुसून काढली, लग्न होऊन बदलापूरच्या फ्लॅटमध्ये आली तेव्हा पानटपरीसमोरून जाताना श्वास रोखायची सवयसुद्धा सोबत आणली.

व्हेपचं पेन आलं ते असं नकळत. तेजस्वीच्या लग्नाआधीची गोष्ट, दोघी कंपनीच्या पिकनिकला गेल्या होत्या, आणि तेजस्वीने पर्समधून कलिंगडाच्या रंगाचं ते पेन काढून ओढलं. तंबाखू नाही गं, नुसती वाफ असते, ती म्हणाली. नेत्राने वेष्टनावरची नावं वाचली. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन. हे तर तिच्याच टेबलावर यायचं. खोकल्याच्या औषधासाठी आलेल्या पिंपांतले नमुने तीच तपासायची, तीच पास करायची. तिसरं नाव निकोटिनचं होतं, बारीक अक्षरात, आणि त्यावरून तिची नजर घसरली होती हे तिला आता नक्की आठवत होतं. वाफ गोड होती, धूर नव्हता, राख नव्हती, कपड्यांना वास नव्हता. तेजस्वीने लग्न ठरल्यावर सोडून दिलं. नेत्राचं मात्र राहिलं. दुकानात उघडपणे ते मिळत नसे, बंदी होती; उल्हासनगरच्या बाजारात मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण गल्ल्याखालून काढून द्यायचा, "दीदी, लिची आया है." कामावर ती ओढत नसे, तिथे तर काडेपेटीसुद्धा गेटवर काढून घेत. घरी ओढायची. संध्याकाळी कुकर लावला की बाथरूममध्ये जायची, नळ सोडायची, कमोडचं झाकण लावून त्यावर बसायची. पहिल्या झुरक्याला खांदे खाली यायचे. दुसऱ्याला सासूचा फोन, उद्याचा डबा, सईची फी, ऑडिट, सगळं दाराबाहेर राहायचं. साईनाथ, तिचा नवरा, अंबरनाथला पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असायचा. त्याला कधी वास आला तर सईचं बबलगम म्हणून ती मोकळी व्हायची.

डॉक्टर तिने बदलापुरात शोधली नाही. तिथे ओळखी होत्या. शनिवारी अर्धी सुट्टी घेऊन ती उल्हासनगरला गेली, कॉलेजच्या दिवसांतल्या रस्त्यावर, कापडाच्या दुकानावर पहिल्या मजल्याला एका सिंधी बाईंचा दवाखाना होता, डॉ. सोनिया. पन्नाशीच्या, केस आखूड कापलेल्या, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलणाऱ्या. त्यांनी खुर्ची मागे कलवली, दिवा तोंडावर आणला आणि विचारलं, तंबाखू? गुटखा? मशेरी लावता का? शेवटच्या शब्दाला नेत्राच्या अंगावर काटा आला. मी केमिस्ट आहे, असं काहीतरी ती म्हणाली. डॉक्टर हसल्या नाहीत. एक बारीक सळई घेऊन त्या दात आणि हिरडीच्या मध्ये घालत गेल्या, प्रत्येक दाताभोवती, आणि शेजारच्या मुलीला आकडे सांगत गेल्या. आकडे वाढत चालले तशी सळई खोल जात होती. आपल्या तोंडात इतकी जागा आहे हे नेत्राला माहीत नव्हतं. दुखत नव्हतं. ते सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडात चाललंय असं तिला वाटत होतं, आणि कुणाच्या, हेही माहीत होतं.

डॉक्टरांनी सळई पुसली आणि दिव्याखाली धरून पाहिली.

"रक्त नाही येत," त्या म्हणाल्या. "इतने गहरे पॉकेट आणि मसूड्यातून थेंब नाही. हे मला बरोबर वाटत नाही. सिगरेट?"

"नाही."

"व्हेप?"

नेत्रा वरच्या दिव्याकडे बघत राहिली. तोंड उघडं होतं, त्यामुळे खोटं बोलायलाही ते आधी मिटावं लागलं असतं.

डॉक्टरांनी ओरडा केला नाही. त्यांनी सांगितलं ते सरळ सांगितलं. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळून जातात, मग आत सूज असली, पू असला, तरी वर लाली दिसत नाही, रक्त येत नाही. माणसाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि खाली हाड झिजत राहतं. गोड वाफेने तोंड कोरडं पडतं, जंतूंना बरंच होतं. या पेनांवरचा अभ्यास अजून नवा आहे, सगळं कुणाला माहीत नाही, पण या खुर्चीत आता तरुण पोरं बसायला लागली आहेत, म्हाताऱ्यांचे मसूडे घेऊन. एक्स-रे त्यांनी खिडकीपाशी धरला. पुढच्या दातांच्या मुळांभोवती हाड असायला हवं तिथे धुरकट सावली होती. एक दात जाईल, बाकीचे टिकवता येतील, पण पेन सुटलं तर. नाहीतर साफसफाई करून उपयोग नाही, पैसे घेऊन मी खोटं काम करणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, घरात कुणाचे दात लवकर गेले होते का, आईचे?

"वयानं गेले," नेत्रा म्हणाली. "म्हातारी झाली होती ती."

ती जिना उतरली. मशेरीच्या प्रश्नाला एकदा आणि आता पुन्हा, एकाच खुर्चीत आयचं तोंड तिने दोनदा नाकारलं होतं. खाली नाल्याचा वास येत होता, रिक्षावाले बदलापूर-अंबरनाथ ओरडत होते, आणि तिचा हात पर्समध्ये पेनावर जाऊन थांबला होता. मोबाइलच्या दुकानाच्या आडोशाला उभं राहून तिने ते ओढलं. हिरडी गार पडल्यासारखी वाटली. आत कुठेतरी रक्त मागे सरतंय हे तिला आता कळत होतं, आणि कळूनही ते बरंच वाटलं.

रविवारी दुपारी साईनाथ झोपला होता. कपडे वाळत घालायला ती बाल्कनीत गेली तर सई तिथे पाट उभा करून, त्याचं दार करून खेळत होती. दाराअलीकडे बाहुली ठेवलेली. पलीकडे सई स्वतः, पाय खाली सोडून बादलीवर बसलेली, तोंडात स्केचपेन. डोळे अर्धे मिटलेले होते, हनुवटी जरा वर. बाहुलीच्या आवाजात तिने हाक मारली, "मम्मी, मम्मी," आणि मग काहीच उत्तर न देता समोरच्या इमारतीकडे बघत राहिली. ओल्या चादरीचं पाणी नेत्राच्या पायावर ठिबकत होतं. तो चेहरा तिने कधी आरशात पाहिला नव्हता, नळ सोडून बसताना आरसा पाठीमागे असायचा. पण ओळखायला क्षणही लागला नाही. कारल्याच्या वेलाकडे बघणारा चेहरा. आयला सईने नीट पाहिलेलंसुद्धा नव्हतं. सई दोन वर्षांची झाल्यावर आय अंथरुणाला खिळली, आणि चामटोलीला नेत्रा तिला फारशी नेतच नसे. तिने विचारलं, बाहुली हाक मारतेय ना, तू ओ का देत नाहीस?

"मम्मी बाथरूममध्ये आहे," सई स्केचपेन न काढताच म्हणाली. "तिला ऐकू येत नाही."

आयचं वर्षश्राद्ध चैत्रात आलं. नेत्रा एकटीच गेली. शेतांत राब भाजत होते, पालापाचोळा जळून जमिनीवरून निळा धूर सरपटत होता, आणि भाऊ घरात केळीच्या पानावर पिंड ठेवत असताना तिला एक वर्षापूर्वीचं सगळं पुन्हा बोटात जाणवायला लागलं. आयला खाली काढून ठेवल्यावर बायकांनी तिला तुळशीचं पान दिलं होतं, लेकीनं घालावं म्हणून. ओठ आत गेलेले होते. पान आत सरकवताना तिचं बोट आयच्या हिरडीवरून फिरलं होतं, डावीकडून उजवीकडे; गार, गुळगुळीत, दगडासारखी हिरडी. जन्मात पहिल्यांदा ती त्या तोंडात शिरली होती. त्या आठवड्यात तिने पेन सोडलंच नव्हतं, एक संपायच्या आत दुसरं आणलं होतं. तेव्हा ते दुःख म्हणून होतं असं तिने स्वतःला सांगितलं होतं.

जेवणं उरकल्यावर ती मागच्या पायरीवर गेली. तिथे इंदुबाई, आयची धाकटी जाऊ, डबी उघडून बसली होती. जरा सरकून तिने जागा दिली. कारल्याचा मांडव मोडून गेला होता, तिथे भावाने बाइक लावली होती. मग नेत्राने पर्समधून पेन काढलं आणि कुणासमोर कधी ओढलं नव्हतं ते ओढलं. लिचीचा वास पायरीवर पसरला. इंदुबाईने नाक वर केलं, पेनाकडे पाहिलं, नेत्राकडे पाहिलं, आणि काही न विचारता पुन्हा बोट तोंडात घातलं. दोघींचे डोळे त्याच दिशेला होते. आपण कशा दिसत असू हे नेत्राला ठाऊक होतं. ती म्हणाली, काकी, आय इथे बसून कसला विचार करायची?

इंदुबाई थुंकली, पदराने ओठ पुसले. विचार कसला, ती म्हणाली. घरात सासरा, दीर, नवरा, पोरं, गुरं; भाकरी तव्यावर आहे तोवर हाक, पोर अंगावर पीत आहे तोवर हाक. पण बाईचं बोट तोंडात असलं की कुणी काम सांगत नसे, तेवढी रीत होती. तुझी आयस हसून म्हणायची, इंदे, दिसातला येवडा येल माजा. मग इंदुबाई आवाज खाली आणून म्हणाली, "तुला इचू चावला व्हता नाय का. त्या रातीला ती लय रडली. माज्याकडं बोलली, पोरीची हाक मना आयकू आली व्हती. आयकली मी. पन उठायला झाला नाय."

नेत्राने पेन खाली केलं. लांब कुठेतरी राबाच्या कडेला कुणीतरी ओल्या फांद्यांनी जाळ आपटत होतं, तो फटफट आवाज येत होता. इतकी वर्षं तिने आयला माफ केलं होतं ते आयला ऐकू आलं नाही म्हणून. ऐकू आलं होतं. आणि सईची हाक, नळाच्या आवाजातून, दारावरच्या थापेसकट, दर वेळी आपल्यालाही ऐकू येते, पहिल्या अक्षरापासून, हे ती त्या पायरीवर बसल्या बसल्या स्वतःशी कबूल करत होती. शेवटचा झुरका संपेपर्यंत उठायला होत नाही, एवढंच. इंदुबाईने डबी तिच्यापुढे केली. नेत्राने मानेनेच नको म्हटलं, आणि म्हातारीच्या खांद्याला खांदा लावून उन्हं उतरेपर्यंत बसून राहिली.

त्यानंतर तिने पेन चार्ज केलं नाही. सोडलं, असं म्हणण्याची तिची हिंमत नव्हती, आणि ते बरंच झालं, कारण मध्ये एकदा ती उल्हासनगरला उतरून नवं घेऊन आलीच, दोन दिवस ओढलं, आणि मग बाथरूममध्ये बसलेली असताना सईचे पाय दाराखालच्या फटीतून दिसले. हाक न मारता ती नुसती उभी होती. तिला आता हाक मारायचीही गरज वाटत नव्हती. नेत्राने ते पेन कचऱ्यात टाकलं. डॉ. सोनियांकडे ती चार-पाच वेळा गेली. हिरड्या बधिर करून त्यांनी खोलवरचा कीट काढला, आणि तो खालचा दात काढला. काढायला जोर लागला नाही. घरी तिने सांगितलं, कॅन्टीनमध्ये खडा लागून तुटला. साईनाथने कॅन्टीनवाल्याला शिव्या घातल्या. पुढचे दिवस ती कुणाशी धड बोलत नव्हती, ताट आपटत होती, सईच्या वहीवर ओरडत होती, लॅबमध्ये ग्लिसरीनचं झाकण उघडलं की तोंडाला पाणी सुटत होतं. साईनाथला वाटलं आईचं वर्ष झालं म्हणून असेल. तो समजून घेत होता, आणि त्याचं ते समजून घेणंच तिला सहन होत नव्हतं.

मग एका सकाळी ब्रश करताना बेसिनमध्ये लाल उतरलं. आधी फेसात गुलाबी रेघ, मग थुंकली तर सरळ रक्त. वरून, खालून, सगळ्या दातांच्या मुळांशी ते भरून येत होतं. हिरड्या सुजून लाल झाल्या होत्या, ठणकत होत्या. आपण उशीर केला, हे सगळंच गेलं, असं तिला वाटलं. फोन घेऊन तिने बाथरूमची कडी लावली आणि डॉ. सोनियांना लावला. काय होतंय ते तिने सांगितलं. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, डॉक्टर घरीच होत्या, चहा करत असाव्यात.

"पेन बंद आहे ना?" त्यांनी विचारलं. नेत्रा हो म्हणाली. "पक्कं?"

"पक्कं."

"मग घाबरू नका. परवा मी पाहते. रक्त परत यायला लागलं मसूड्यात, इतके दिवस येत नव्हतं ना. थोडे दिन आएगा. दुखेल पण."

फोन ठेवल्यावर ती बेसिनला टेकून उभी राहिली. नळ सोडायला हात गेला होता, तो तिने मागे घेतला. पांढऱ्या भांड्यात रक्त सावकाश जाळीकडे ओघळत होतं आणि तोंडभर लोखंडासारखी चव होती. ठणका एकेका दातातून वेगळा येत होता. प्रत्येक हिरडी आहे, जागी आहे, हे ती त्या दुखण्यावरून मोजू शकत होती. बरं वाटत नव्हतं. भीती गेली नव्हती. ओढायची इच्छा तर आत्ता, या क्षणीही होती. बाहेरून साईनाथने दार वाजवलं. कुणाशी बोलतेयस, त्याने विचारलं, सई शाळेला उशीर होतोय म्हणतेय, काय झालं?

काही नाही, हे शब्द तिच्या जिभेवर तयार होते. किती वर्षं झाली, ते तयारच असायचे. तिने ओठ पुसले नाहीत. कडी काढली. साईनाथ टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता, त्याच्यामागे सई एका पायात मोजा घालून. नेत्रा त्यांच्यासमोर उभी राहिली आणि दिव्याखाली तोंड उघडलं, जितकं उघडता येईल तितकं, रक्तासकट, मधल्या रिकाम्या जागेसकट. साईनाथ वाकून बघत राहिला. त्याला काही कळत नव्हतं, हे तिला दिसत होतं. सांगायला बराच वेळ लागणार होता, आणि सुरुवात चामटोलीपासून करावी लागणार होती.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली.